‘शाकाहारी आहे ना?’ : नव्या इटालियन रेस्टॉरंटमधल्या एका दुपारचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच घरातलं आहे. रेस्टॉरंटची आणि तिथल्या माणसांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. घटनांचा क्रम आणि बोलणी मात्र घडली तशीच ठेवली आहेत. जेवण फसलं एवढंच सांगायचं असतं तर दोन ओळी पुरल्या असत्या. पण त्या दीड तासात चार-पाच ठिकाणी आम्हाला काहीतरी ठरवावं लागलं आणि त्यातले दोन निर्णय मी आज वेगळे घेतले असते, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर एक इटालियन रेस्टॉरंट उघडलं होतं. जागा छोटी, दहा-बारा टेबलं, मागच्या भिंतीला लाकडावर चालणारी भट्टी. आम्ही गेलो तेव्हा त्यांचा तिसरा आठवडा चालू होता. मेनू एका पानाचा होता: चार पिझ्झा, पाच पास्ता, एकच रिसोटो म्हणजे इटालियन पद्धतीचा मऊ भात, थोडे सुरुवातीचे पदार्थ आणि दोन गोड. छोटा मेनू पाहून मला बरं वाटलं होतं. नव्या स्वयंपाकघराने मोजकेच पदार्थ हाती घेतले असतील, तर ते नीट जमण्याची शक्यता जास्त असते.

आम्ही पाच जण होतो. आई अडुसष्ट वर्षांची, जन्मभर शुद्ध शाकाहारी, अंडंही न खाणारी. ताई रुग्णालयात परिचारिका आहे आणि त्या दिवशी तिला तीन वाजता ड्यूटीवर हजर व्हायचं होतं. दाजी, त्यांची नऊ वर्षांची मुलगी आणि मी. ताई, दाजी आणि मी मांसाहार करतो. आईला त्याची कधी अडचण वाटली नाही, तिच्या ताटापुरता तिचा नियम पक्का आहे.

जाण्याआधी ठरवलेल्या गोष्टी

पहिला प्रश्न होता, आत्ताच जायचं की महिनाभर थांबायचं. दाजींचं म्हणणं थांबण्याचं होतं. नव्या ठिकाणी पहिले काही आठवडे वाढपी शिकत असतात, स्वयंपाकघराचा मेळ बसलेला नसतो, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण ताईच्या पाळ्या पुढच्या महिन्यात बदलणार होत्या आणि दुपारी सगळे एकत्र भेटायला तोच बुधवार मिळत होता. गेलो. हा निर्णय मला अजूनही चुकीचा वाटत नाही.

दुसरी गोष्ट, मी आदल्या दिवशी फोन केला. टेबल राखून ठेवायची गरज नाही, दुपारी गर्दी नसते, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, “शाकाहारी मिळतं ना?” पलीकडून उत्तर आलं, “हो, भरपूर.” मी निश्चिंत होऊन फोन ठेवला. पुढे जे झालं त्याचं मूळ या एका वाक्यात आहे, आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर बसून मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

टेबलावर

पावणेएकला पोचलो. एक वाजता ऑर्डर दिली. भाचीला मार्गेरिटा पिझ्झा, दाजींना कार्बोनारा पास्ता, ताईला मांसाच्या रागूतली (दाट सॉसमधली) तालियातेल्ले म्हणजे चपट्या पट्ट्यांचा पास्ता, मला पेस्तो घातलेला पास्ता आणि आईला मशरूम रिसोटो. आईने रिसोटो निवडला कारण तो तांदळाचा, मऊ, आणि त्यात मशरूम सोडून दुसरं काही दिसत नव्हतं.

वाढपी विशीतला मुलगा होता, कामाला लागून दोन आठवडे झालेले. मी रिसोटोच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, “हे शाकाहारी आहे ना?” तो म्हणाला, “हो मॅडम. चिकन वगैरे काही घालत नाही त्यात.” त्याला जेवढं माहीत होतं तेवढं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

ऑर्डरची आणखी एक अडचण तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. आम्ही तीन वेगळ्या गतींचे पदार्थ एकाच वेळी मागवले होते. लाकडाच्या भट्टीचा तळ नीट तापलेला असेल तर नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत भाजून निघतो, कारण तिथलं तापमान ४५० अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं. अंडं घालून केलेला ताजा पास्ता उकळत्या पाण्यात दोन-चार मिनिटांत होतो, वाळवलेल्याला दहाएक मिनिटं लागतात. रिसोटोचं तसं नसतं. आर्बोरियो किंवा कार्नारोली जातीचा तांदूळ परतून त्यात गरम स्टॉक, म्हणजे चवीसाठी जिन्नस उकळून गाळलेलं पाणी, पळीपळीने घालत, ढवळत राहावं लागतं, म्हणजे दाण्यातला स्टार्च सुटून पदार्थ आपोआप दाट होतो. कच्च्या तांदळापासून सुरुवात केली तर सोळा ते वीस मिनिटं जातात. बरीच रेस्टॉरंट्स दुपारच्या गर्दीआधी रिसोटो अर्धाअधिक शिजवून, ताटात पसरून गार करून ठेवतात आणि ऑर्डर आली की पाच-सहा मिनिटांत पुरा करतात. हे रेस्टॉरंट प्रत्येक रिसोटो पहिल्यापासून करत होतं. त्यामागे मेहनत होती आणि मला त्याचं कौतुक आहे, पण तासाभरात उठायचं असलेल्या टेबलासाठी तो पदार्थ जपून मागवायला हवा होता.

झालं असं की एक वाजून दहा मिनिटांनी मार्गेरिटा आली. सगळ्यांचं येईपर्यंत थांबू या म्हणून आम्ही भाचीला थांबवलं, आणि तेवढ्यात पिझ्झ्याची मधली बाजू गार होऊन ओलसर पडली. शेवटी तिला खायला सांगितलं, आईनेही तिच्यातला एक तुकडा घेतला. मग पास्ता आले. कार्बोनारा पाहून दाजींना वाटलं की क्रीम घालायचं विसरले. विसरले नव्हते. रोमच्या पद्धतीच्या कार्बोनारात क्रीम नसतंच. अंड्याचा बलक, पेकोरिनो चीज, डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस म्हणजे ग्वांचाले, मिरी आणि पास्त्याचं थोडं पाणी एवढ्यावरच तो मलईदार होतो. दोन घासांनंतर दाजींनी मान डोलावली. रिसोटो आला तेव्हा दीड वाजला होता.

अडचण

रिसोटो अप्रतिम होता. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं सगळं त्या चवीमुळेच उघडकीला आलं. आईने दाजींना आणि मला एकेक चमचा चाखायला दिला. मशरूमच्या मागे एक खोल, गोलसर चव होती.

पावणेदोनच्या सुमारास भाचीच्या बाहीवर टोमॅटो सांडला म्हणून आई तिला हात धुवायला घेऊन गेली. तेवढ्यात शेफ बाहेर येऊन टेबलाटेबलावर विचारपूस करत आमच्याकडे आला. दाजींनी मनापासून दाद दिली आणि विचारलं, इतकी चव येते कशी? शेफच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. तो म्हणाला, “सकाळी सातला चिकनच्या हाडांचा स्टॉक चढवतो. चार तास मंद आचेवर. सगळी जादू त्याची.”

आईची बशी समोर होती. अर्धी रिकामी.

त्या क्षणी शेफला काहीच कळलं नव्हतं. ताईने हळू आवाजात सांगितलं की आमची आई शाकाहारी आहे आणि आम्ही विचारून मागवलं होतं. त्याचा चेहरा उतरला. तो वाढप्याकडे वळून काही बोलणार होता, पण ताईने त्याला थांबवलं आणि दोन मिनिटं आम्हाला एकटं सोडायची विनंती केली. शेफ समोर असता तर आई आपलं वाटणं गिळून आधी त्यालाच धीर देत बसली असती, म्हणून ही विनंती मला फार योग्य वाटते.

समोरचे पर्याय

आई परत येईपर्यंत आमच्याकडे जेमतेम दोन मिनिटं होती आणि तीन वाटा होत्या.

दाजींचं मत, सांगू नये. त्यांचा स्वर काळजीचा होता. “आता पोटात गेलंच आहे. आईंना आठवडाभर चैन पडणार नाही. कशाला?” या मताला वजन आहे. इजा काही होणार नव्हती, ही अ‍ॅलर्जी नव्हे. सांगितल्याने खाल्लेलं परत येणार नव्हतं. आईचा त्रास फक्त कळण्यातून सुरू होणार होता.

दुसरी वाट मी सुचवली. काहीतरी कारण काढून बशी हलवायची. गार झालंय म्हणायचं, दुसरं मागवायचं. तेव्हा ती मला शहाणपणाची वाटली.

ताईने दोन्हीला नकार दिला. तिचं म्हणणं शब्दशः आठवतं: “उरलेलं तिला खाऊ द्यायचं का? नाही. मग बशी काढून घेण्यासाठी तिच्याशी खोटं बोलायचं का? तिच्या ताटातलं आहे, ती लहान मूल नाही.” दाजींच्या वाटेतला अडखळा तिने नेमका दाखवला होता. न सांगणं म्हणजे नुसतं गप्प बसणं नव्हतं. अर्धी बशी अजून शिल्लक होती, त्यामुळे गप्प बसलो असतो तर पुढचा प्रत्येक घास आमच्या संमतीने तिच्या पोटात गेला असता. आणि पुढच्या वेळी तिने पुन्हा तोच रिसोटो मागवला असता तर? तिला तो फार आवडला होता.

सांगायचं ठरलं. कुणी, कसं, हेही ठरवलं. ताई सांगणार, थोडक्यात, सबबी न देता, आणि भाचीला दाजी भट्टी बघायला घेऊन जाणार.

काय केलं

आई येऊन बसली, चमचा उचलला. ताईने तिच्या मनगटावर हात ठेवला. “आई, थांब. आत्ता कळलं, हा भात चिकनच्या स्टॉकमध्ये शिजवलाय. आम्ही विचारलं होतं, पण आम्हाला चुकीचं उत्तर मिळालं.”

“कशात शिजवलं म्हणालीस?”

“कोंबडीची हाडं उकळलेल्या पाण्यात.”

आईने चमचा बशीच्या कडेला ठेवला. पाणी प्यायली. बराच वेळ ती भट्टीकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण हनुवटी हलत होती, आणि त्या क्षणी मला दाजींचंच खरं वाटलं. मग ती म्हणाली, “सांगितलंस ते बरं केलंस.” आणि लगेच, “त्या पोराला कुणी रागावू नका.”

थोड्या वेळाने तिने जे विचारलं ते आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. “आणि मघाशी पिझ्झा खाल्ला, त्यावरचं चीज कशाचं असतं?”

शेफला पुन्हा बोलावलं. त्याने आतून दोन्ही चीजची वेष्टनं आणली आणि आम्ही ती एकत्र वाचली. दूध फाटून दही घट्ट व्हावं यासाठी बहुतेक चीजमध्ये रेनेट लागतं. पारंपरिक रेनेट वासराच्या चौथ्या जठरातून मिळवतात. बुरशीपासून मिळणारं किंवा सूक्ष्मजीवांकडून किण्वनाने बनवून घेतलेलंही असतं, आणि आज बरंचसं साधं चीज त्यावरच होतं. त्यांच्या मोझरेलाच्या पाकिटावर ‘सूक्ष्मजीवजन्य रेनेट’ असं छापलेलं होतं. पण पिझ्झ्यावर शेवटी किसून घातलेलं चीज पार्मिजानो रेज्जानो होतं. या चीजला संरक्षित नाव आहे: ते इटलीतल्या पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना आणि बोलोन्या व मांतुआ प्रांतांच्या ठरावीक भागातच बनतं, किमान बारा महिने मुरवावं लागतं, आणि नियमानुसार त्यात वासराचंच रेनेट वापरावं लागतं. त्यामुळे ‘शाकाहारी पार्मिजानो रेज्जानो’ असा पदार्थ त्या नावाने असूच शकत नाही. ग्राना पादानो या दुसऱ्या इटालियन चीजलाही वासराचंच रेनेट लागतं, पेकोरिनो रोमानोला कोकराचं. माझ्या पेस्तोमध्येही तुळस, पाइन नट्स, लसूण आणि ऑलिव्ह तेलाबरोबर हेच चीज होतं. दिसायला हिरवागार.

हे सगळं शेफला माहीत होतं. पण त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि वाढप्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मग प्रश्न आला, आई जेवणार काय? ती म्हणत होती की काही नको. शेफने एक पदार्थ सुचवला: पिझ्झा मरिनारा. नावात समुद्र असला तरी त्यात मासे नसतात. टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि ऑलिव्ह तेल, चीज अजिबात नाही. आईने मला विचारलं नाही, थेट त्याला विचारलं: पीठ कशाचं, हात कुठे लागणार, सुरी कुठली. त्याने फळी घासून धुतली, नवी सुरी काढली, ओट्याची एक बाजू मोकळी केली. भाजायला दीड मिनिट लागलं असेल, पण धुण्यापुसण्यात दहा मिनिटं गेली. आईने दोन तुकडे खाल्ले. ताई ठरल्यापेक्षा पाच मिनिटं उशिरा निघाली.

बिल आणि तक्रार

मालकीणबाई स्वतः आल्या. रिसोटो आणि मरिनारा दोन्ही बिलातून काढते म्हणाल्या. रिसोटोचे पैसे न घेणं आम्ही मान्य केलं. मरिनाराचे दिले, कारण तो नीट विचारून, नीट करून दिलेला पदार्थ होता. हा फरक आईने सांगितला आणि मला तो पटला.

दाजींनी तोवर फोनवर एक तारा देऊन चार ओळी टंकल्या होत्या. पाठवायच्या की नाही यावर घरी परतताना बोलणं झालं. बाजूने मुद्दा असा की दुसरा कुणी शाकाहारी माणूस उद्या तिथे जाईल आणि त्याला कुणी सांगणार नाही. विरुद्ध मुद्दा असा की एका दुपारच्या अनुभवावरून तीन आठवडे जुन्या ठिकाणावर शिक्का बसेल, आणि त्या चार ओळींत स्टॉक-रेनेटचं काहीच नव्हतं, फक्त संताप होता. वाचणाऱ्याला त्यातून काय टाळायचं हे कळलं नसतं. ठरलं ते असं: आधी मालकांशी बोलू, काय करतात ते पाहू, आणि आठवड्यात हालचाल दिसली नाही तर नेमकं लिहू.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी चारला फोन केला. वेळ मुद्दाम निवडली होती. दुपारचं जेवण आटोपलेलं आणि संध्याकाळची तयारी अजून सुरू व्हायची, अशा वेळी माणूस शांतपणे ऐकू शकतो. तीनच गोष्टी सांगितल्या. रिसोटोचा आणि सूपचा स्टॉक कशाचा, हे मेनूवर लिहा. वासराच्या रेनेटचं चीज कुठे कुठे पडतं ते लिहा. आणि गोड पदार्थ बघा: पन्ना कोटा जिलेटिनवर घट्ट होतो, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या पदार्थावर, आणि तिरामिसूत कच्चं अंडं असतं, तरी दोन्ही ‘शाकाहारी’ म्हणून वाढले जात असावेत. मालकीणबाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या की मांसाचे तुकडे नसलेला पदार्थ शाकाहारी, एवढंच त्यांनी वाढप्यांना शिकवलं होतं. त्यांनी लिहून घेतलं. मी सांगितलेलं त्यांनी शब्दशः परत वाचून दाखवलं, तेव्हा मला पहिल्यांदा आशा वाटली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कायद्याने हे प्रश्न आपोआप सुटतात असं नाही. उदाहरणार्थ, युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून रेस्टॉरंटला चौदा अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. त्यात दूध, अंडी, मासे, बदाम-काजूसारखा सुकामेवा आहे. रेनेट, जिलेटिन किंवा कोंबडीचा स्टॉक नाही. अ‍ॅलर्जीची यादी पूर्ण भरलेली असतानाही आईसारख्या माणसाला हवं ते उत्तर त्यात मिळणार नाही.

परिणाम

सहा आठवड्यांनी ताई आणि मी परत गेलो. रिसोटोचा स्टॉक बदलला होता: कांदा, गाजर, सेलरी, मशरूमचे देठ आणि वाळवलेल्या पोर्चिनी मशरूमचं भिजवणीचं पाणी. मेनूवर प्रत्येक पदार्थाखाली बारीक अक्षरात घटक होते आणि चीजपुढे ‘वासराचं रेनेट’ असं स्पष्ट लिहिलं होतं. तोच मुलगा वाढायला होता. त्याने आम्हाला ओळखलं, थोडा बिचकला, आणि न विचारता सांगितलं की पेस्तो शाकाहारी धरू नका.

काही गोष्टी तशाच राहिल्या. भट्टी एक, पिझ्झा सरकवायचं लांब दांड्याचं फावडं एक, त्यावरून मांसाचेही पिझ्झे जातात. ताईच्या मते नवा रिसोटो पहिल्याइतका खोल लागत नाही, आणि मला तिचं म्हणणं नाकारता येत नाही. आणि वेळेचं गणित अजून पूर्ण बसलेलं नाही, त्याही दिवशी पिझ्झा आधी आला.

दाजींनी त्या आठवड्यात अभिप्राय लिहिला, दोन्ही भेटींसह. कोणता पदार्थ कशात शिजतो हे त्यात होतं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी प्रश्न. ‘शाकाहारी आहे ना?’ या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्याच्या मनातल्या व्याख्येवर अवलंबून असतं, आणि त्यातला ‘ना’ समोरच्याला ‘हो’कडेच ढकलतो. इटालियन जेवणात विचारायला हवेत ते प्रश्न वेगळे: कशाच्या स्टॉकमध्ये शिजतं? वरून कोणतं चीज पडतं? पास्ता वाळवलेला की अंड्याचा? सॉसमध्ये अँकोव्ही, म्हणजे खारवलेले छोटे मासे, आहेत का? साधा वाळवलेला पास्ता बहुधा नुसता ड्युरम गव्हाचा रवा आणि पाण्याचा असतो, तर एमिलिया-रोमान्या भागातल्या तालियातेल्लेसारख्या ताज्या पास्त्यात अंडं असतंच. पुत्तानेस्का सॉस टोमॅटोचा दिसतो, पण त्यात बहुधा अँकोव्ही विरघळलेली असते. आणि हे वाढप्याला विचारून भागत नसेल तर ‘शेफना विचारून येता का’ एवढं म्हणायला लाज वाटू नये.

हे प्रश्न आदल्या दिवशीच्या फोनवर विचारले असते तर अधिक बरं. गर्दी नव्हती, शेफ मोकळा होता, आणि तो स्टॉकची एक छोटी वेगळी कढईही ठेवू शकला असता. तो तसं करणारा माणूस होता.

वेळ कमी असताना एकाच गतीचे पदार्थ मागवायचे. सगळे पिझ्झा, किंवा सगळे पास्ता, आणि रिसोटो निवांत दिवसासाठी. लहान मुलाची बशी आली की त्याला खाऊ द्यायचं. हे फार किरकोळ आहे, पण गार झालेल्या मार्गेरिटाकडे बघत बसलेल्या भाचीचा चेहरा माझ्या लक्षात आहे.

एक निर्णय मी बदलणार नाही, तो म्हणजे आईला सांगण्याचा. तो ताईचा निर्णय होता, मी तिच्या बाजूला उशिरा आले. महिनाभर आई अधूनमधून त्या घासांबद्दल बोलायची, आणि दर वेळी दाजी माझ्याकडे बघायचे. घरातली चीजची पाकिटं तिने एक दिवस सगळी काढून वाचली. “इतकी वर्षं जे खाल्लं ते कशाचं होतं, कुणास ठाऊक,” म्हणाली. दोन पाकिटं ठेवली, एक ताईला देऊन टाकलं. त्रास झाला, हे खरंच आहे.

पण सगळ्यात मोठी चूक मला बऱ्याच उशिरा, आईनेच सांगितल्यावर कळली. फोन मी केला, मेनू मी वाचला, वाढप्याला मी विचारलं. ती शेजारी बसली होती आणि मी तिच्या वतीने बोलत होते. आयुष्यभर स्वयंपाक केलेली बाई ती. “मला विचारू दिलं असतंस तर मी कशात शिजवता हेच विचारलं असतं,” असं ती म्हणाली. रागाने नाही, पण म्हणाली. आणि खरंच, स्टॉकबद्दल कळल्यावर तिचा पहिला प्रश्न तोच होता.

ती त्या रेस्टॉरंटमध्ये परत गेलेली नाही. मागच्या रविवारी मात्र तिने मरिनारा घरी मागवायचा ठरवला आणि फोन माझ्या हातातून घेतला. पीठ, पाणी, मीठ, यीस्ट, असं पलीकडून सांगितल्याचं मला ऐकू आलं.

“आणि ट्रेला काय लावता?”

“ऑलिव्ह तेल.”

“फावडं कोणतं?”

तिकडे थोडा वेळ शांतता होती. मग शेफचा आवाज आला, की नवं घेतलंय, फक्त बिनमांसाच्या पिझ्झ्यांसाठी, मागच्याच आठवड्यात.

“पाठवा मग,” आई म्हणाली.